दहा वर्षे 'तात्पुरत्या' राहणाऱ्यांना कायम निवासाचा दर्जा द्यावा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर, नाव बदलल्याच्या आणि गुणपत्रिका हरवल्याच्या सूचनांच्या मध्ये, गेल्या महिन्यात चार ओळींची एक जाहीर सूचना छापून आली होती. मूळ पाकिस्तानी नागरिक असलेले, पण बरीच वर्षे आपल्याच भागात राहणारे एक गृहस्थ भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करीत असून, कोणाची हरकत असल्यास ती लेखी कळवावी, असा तिचा आशय होता. नागरिकीकरणाच्या अर्जाला अशा सूचनेची कात्रणे जोडावी लागतात, हे बहुतेक वाचकांना ठाऊक नसावे. मला ते माझ्या शेजाऱ्यांमुळे कळले, आणि हे शेजारी दहा वर्षांनंतरही त्या चार ओळींपर्यंत पोचलेले नाहीत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करावी लागल्यास हरकत नाही, मात्र कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून माझे नाव आणि गाव छापू नये, एवढी विनंती आहे.

विदर्भातल्या एका मध्यम शहरात, सिंधी कॅम्पच्या कडेला माझे घर आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, नागपुरात जरीपटका, पुण्याजवळ पिंपरी आणि कोल्हापूरजवळ गांधीनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, तशीच आमचीही. जे लोक १९ जुलै १९४८ च्या आधी सीमा ओलांडून इथे स्थायिक झाले, त्यांना राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिक मानले; त्यानंतर आलेल्यांना नोंदणी करावी लागली. माझ्या भिंतीला भिंत असलेल्या घरातले आजोबा १९४८ च्या आरंभी शिकारपूरहून आले. त्यांचे सख्खे चुलतभाऊ मात्र 'परिस्थिती निवळेल' म्हणून जमिनीपाशी थांबले. परिस्थिती निवळायची वाट पाहता पाहता दोन पिढ्या गेल्या आणि मार्च २०१५ मध्ये त्या थांबलेल्या भावाचा मुलगा, नातू, नातसून आणि आठ वर्षांची पणती अटारीमार्गे आमच्या गल्लीत उतरली. एका आजोबांची नातवंडे इथले मतदार आणि दुसऱ्या आजोबांची नातवंडे परदेशी नागरिक, असा प्रकार तेव्हापासून एकाच अंगणात चालू आहे.

परत जायचे नाही, हे ठरवूनच ती मंडळी आली होती. म्हणून त्यांनी दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज केला. कॅम्पात त्याला सगळे 'एलटीव्ही' म्हणतात. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या अल्पसंख्याकांना, तसेच भारतीय नागरिकांशी विवाह केलेल्या पाकिस्तानी स्त्रियांना हा व्हिसा मिळू शकतो आणि अल्पसंख्याकांना आता तो एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतो. व्हिसा या शब्दामुळे वाचकांचा समज होईल की ही पाहुण्यांची सोय आहे. प्रत्यक्षात ही माणसे त्यावर घर भाड्याने घेतात, दुकान टाकतात, मुलांना शाळेत घालतात, म्हातारी होतात आणि मरतात. आपल्या देशात त्यांच्यापुरता कायम निवासाच्या जवळ जाणारा दर्जा हाच, फक्त त्यात 'कायम' हा शब्द कुठेही येत नाही.

जुलै २०१६ मध्ये केंद्र सरकारने या व्हिसाधारकांना बऱ्याच सवलती दिल्या, हे मान्य केले पाहिजे. बँकेत खाते उघडता येऊ लागले, पॅन, आधार आणि वाहन परवाना मिळू लागला, स्वतःला राहण्यासाठी आणि स्वतःच्या धंद्यासाठी जागा घेण्याची मुभा मिळाली, राहत्या राज्यात मोकळेपणी फिरता येऊ लागले आणि नागरिकत्वाच्या नोंदणीची फी, जी पूर्वी ३ हजारांपासून १५ हजारांपर्यंत होती, ती १०० रुपयांवर आली. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये आणखी एक अधिसूचना निघून देशातल्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना असे अर्ज निकालात काढण्याचे अधिकार मिळाले. त्यांत महाराष्ट्रातले मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर हे चार जिल्हे होते. उरलेल्या जिल्ह्यांसाठी ते अधिकार राज्याच्या गृहसचिवांकडे गेले. आमचा जिल्हा त्या चारांत बसत नाही. त्यामुळे आमच्याकडचा कागद आधी जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथून मुंबईला, मध्येच काही उणे निघाले की पुन्हा खाली, असा प्रवास करतो आणि अर्जदार दर सोमवारी खिडकीपाशी जाऊन 'वरून काही आले का' एवढेच विचारून येतो. ज्या सवलती दिल्लीत जाहीर होतात, त्यांचे परिपत्रक खिडकीच्या आतल्या माणसाच्या फायलीत असेलच, याची खात्री नसते. एकदा मीच एका सवलतीच्या कागदाची प्रत काढून नेली, तेव्हा तिथल्या बाबूंनी ती शांतपणे वाचली, मला परत दिली आणि 'आमच्याकडे असे काही आलेले नाही' म्हणाले. ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही.

आता नागरिकत्वाच्या दारांविषयी. ती तीन आहेत आणि या एकाच कुटुंबाने तिन्हींच्या चौकटी पाहिल्या आहेत.

पहिले दार नोंदणीचे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ५ नुसार 'भारतीय वंशाची' व्यक्ती सात वर्षांच्या निवासानंतर नोंदणी करू शकते. पण भारतीय वंशाचा म्हणजे कोण, याची व्याख्या तिथेच केलेली आहे. ती व्यक्ती स्वतः, किंवा तिच्या आईवडिलांपैकी एक, अविभाजित भारतात जन्मलेली असली पाहिजे. आजीआजोबा चालत नाहीत. पंचावन्न साली कायदा झाला तेव्हा या व्याख्येत जवळजवळ सगळेच बसत होते, कारण फाळणीला आठ वर्षे झाली होती. आज फाळणीला पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. सिंधमध्ये जन्मलेल्या आजच्या चाळिशीतल्या माणसाचे आईवडीलही बहुधा १९४७ नंतरचेच असतात. कायद्यातली 'अविभाजित भारता'ची अट तीच राहिली, पण दरवर्षी त्याच्या कक्षेतून थोडी थोडी माणसे आपोआप बाहेर पडत गेली, आणि असे काही घडते आहे हे कोणी ठरवलेही नाही.

आमच्या शेजारच्या कुटुंबात हे दार फक्त दादांसाठी उघडे होते. दादा म्हणजे त्या घरातले सर्वांत वडीलधारे, १९५२ चा जन्म, त्यामुळे ते स्वतः नाही, पण त्यांचे वडील अविभाजित भारतात जन्मलेले. खरे तर त्या वडिलांचा जन्म आपल्याच मुंबई इलाख्यातला, कारण १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत होईपर्यंत शिकारपूर काय आणि सातारा काय, एकाच इलाख्यात होते. हे मी दादांना सांगितले तेव्हा ते खूप वेळ हसत होते. सात वर्षे पूर्ण होताच २०२२ मध्ये त्यांनी अर्ज केला. त्यावर विचारणा आली ती वडिलांच्या जन्माच्या पुराव्याची. १९२० च्या दशकात शिकारपूरला जन्मलेल्या, १९७९ मध्ये तिथेच वारलेल्या माणसाचा जन्मदाखला २०२२ मध्ये विदर्भात कुठून आणायचा? घरच्या पत्र्याच्या पेटीतून अखेर एक कागद निघाला. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, घडीवर फाटलेला, त्यावर जन्मतारीख आणि जन्मगाव दोन्ही लिहिलेले. मात्र तो होता अरबी लिपीतल्या सिंधीत. आमच्या कॅम्पातली तरुण मुले सिंधी बोलतात, थोडी वाचतात तीही देवनागरीत. तो दाखला वाचू शकेल असा माणूस शोधण्यात तीन आठवडे गेले. शेवटी कॅम्पाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या, पंच्याऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांनी भिंग घेऊन तो ओळीओळीने वाचला, मी मराठीत उतरवून घेतला, आणि मग असा अनुवाद चालणार नाही, तो अधिकृत अनुवादकाचा हवा, असे उत्तर मिळाले. आम्ही नागपूरला जाऊन तोही करून आणला. मधल्या काळात पोलिसांची चौकशी दोनदा झाली, कारण पहिल्या अहवालाची मुदत उलटून गेली होती. २०२४ च्या पावसाळ्यात दादा गेले. अर्ज तेव्हाही 'प्रक्रियेत' होता. संकेतस्थळावर तो नंतरही कित्येक महिने प्रक्रियेतच दिसत राहिला.

अस्थींविषयी एक गोष्ट सांगण्यावाचून राहवत नाही. दादांची इच्छा हरिद्वारची होती. पण व्हिसाधारकाला राज्याबाहेर जायचे तर आधी परवानगी काढावी लागते. मुलाने अर्ज केला, तेरावा झाला, महिना झाला, परवानगीचा पत्ता नाही. या मंडळींना सीमेवरून आत यायला एकेकाळी हरिद्वारच्याच यात्रेचे निमित्त चालत असे, आणि आता आतून हरिद्वारला जायला परवानगी नव्हती. अखेर आम्ही रात्रीच्या गाडीने नाशिकला गेलो आणि रामकुंडावर विसर्जन केले. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, हे मी त्याला गाडीत सांगितले. परवानगी आम्ही परतल्यावर अकराव्या दिवशी आली.

दुसरे दार नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे. त्यावर २०१९ पासून एवढे बोलले आणि लिहिले गेले आहे की मी त्या वादात शिरत नाही. या कुटुंबाच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे तारीख. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना अकराऐवजी पाच वर्षांच्या निवासावर नागरिकत्व मिळू शकते. ११ मार्च २०२४ ला त्याचे नियम निघाले, १५ मे ला दिल्लीत पहिली १४ प्रमाणपत्रे देण्यात आली. नियम वाचले तर ते बनवणाऱ्याला पेटीतल्या फाटक्या कागदांची कल्पना होती असे वाटते. मूळ देश सिद्ध करायला नऊ प्रकारची कागदपत्रे चालतात, त्यांत आईवडील, आजीआजोबा, पणजोबा यांपैकी कोणी त्या देशाचे नागरिक होते एवढे दाखवणारा कागदही चालतो. भारतात आल्याची तारीख दाखवायला वीस प्रकारची. मुदत संपलेला पासपोर्टही चालतो. दादांच्या अर्जाला यातले शतांश औदार्य लाभले असते तर ते नागरिक म्हणून गेले असते. पण ते आले मार्च २०१५ मध्ये. आधीच्या नोव्हेंबरमध्येच येण्याचे ठरत होते, नातसुनेच्या बहिणीच्या लग्नासाठी ते पुढे ढकलले. त्या लग्नाची तारीख घरात आता कोणी काढत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या आप्रवास आणि परदेशी नागरिक कायद्याखाली एक आदेश निघून, याच सहा समाजांतल्या ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळामुळे आलेल्या व्यक्तींना वैध कागदपत्रे नसल्याबद्दलच्या शिक्षेतून सूट मिळाली. त्या दिवशी कॅम्पात पेढे वाटले गेले. मीच चार घरी जाऊन सांगितले की, बाबांनो, ही शिक्षेतून सूट आहे, नागरिकत्वाची तारीख पुढे सरकलेली नाही. माझे बोलणे कोणाला आवडले नाही.

तिसरे दार उरते ते नागरिकीकरणाचे, कलम ६ चे. अर्जाच्या लगत आधीचे बारा महिने सलग आणि त्याआधीच्या चौदा वर्षांत मिळून अकरा वर्षे भारतात राहिलेले असले पाहिजे. म्हणजे मार्च २०१५ ला आलेल्याने लवकरात लवकर २०२७ मध्ये अर्ज करायचा. आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचे पुरेसे ज्ञान असले पाहिजे, अशीही अट आहे. सिंधी १९६७ पासून त्या अनुसूचीत आहे, तेव्हा तिथे अडचण नाही. आणि मग वर्तमानपत्रातल्या त्या चार ओळी. अर्जानंतर निकालाला किती काळ लागेल, याला मर्यादा नाही. अधिवासाच्या दाखल्याला राज्याच्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे दिवसांची मुदत आहे, ती उलटली तर अपील करता येते. नागरिकत्वाचा विषय केंद्राचा असल्याने ते घड्याळ इथे चालत नाही.

अधिवासाचा विषय निघालाच आहे तर त्या मुलीबद्दल सांगतो. आली तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि तिला देवनागरी मी माझ्या ओसरीवर शिकवली. तिला 'ळ' जमत नसे. शाळेला शाला आणि फळ्याला फला म्हणायची आणि आम्ही दोघेही हसत असू. ती मराठी माध्यमात शिकली, दहावीला मराठीत तिला ९१ गुण पडले, आणि २०२५ मध्ये ती विज्ञान शाखेतून बारावी झाली. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला जो दाखला लागतो, ज्याला आपण सरसकट 'डोमिसाइल' म्हणतो, त्याचे पूर्ण नाव 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र' असे आहे. सेतू केंद्रात मी तिच्याबरोबर होतो. समोरच्या तरुणाने शाळेचा दाखला पाहिला, आधार पाहिले, आणि राष्ट्रीयत्वाचा पुरावा म्हणून तिने पुढे केलेला हिरवा पासपोर्ट हातात घेऊन तो क्षणभर थांबला. मग त्याने तो दोन्ही हातांनी, अगदी जपून, तिला परत दिला. तो काही वावगे बोलला नाही, रांगेत मागे उभ्या असलेल्या लोकांना काय झाले तेही कळले नाही. ती बाहेर येऊन म्हणाली, "सर, बीएस्सीला हा दाखला लागत नाही ना?" आज ती बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे.

तिचा धाकटा भाऊ २०१७ मध्ये इथल्याच सरकारी रुग्णालयात जन्मला. नगरपालिकेचा मराठी जन्मदाखला त्याच्याकडे आहे. परंतु ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने भारतीय ठरायला आईवडील दोघेही भारतीय असावे लागतात, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. इथे दोघेही परदेशी, म्हणून मूलही परदेशी. ज्या देशात त्याने पाऊल ठेवलेले नाही त्या देशाचा तो नागरिक समजला जातो. शाळेत पंधरा ऑगस्टला त्याने टिळकांचे भाषण केले, पहिले बक्षीस मिळवले.

अशा कुटुंबांचे एरवीचे आयुष्य कसे असते, याची वाचकांना कल्पना यावी म्हणून थोडे सांगतो. परदेशी नागरिकाला घरात ठेवले तर चोवीस तासांत त्याची माहिती कळवावी लागते, त्यामुळे घरमालक आधीच कचरतात. भाडे चढे सांगतात किंवा 'आमचा भाचा येणार आहे' म्हणतात. नव्या नियमाप्रमाणे परदेशी नागरिकाच्या आधार कार्डाची मुदत व्हिसाच्या मुदतीपुरतीच असते. व्हिसाच्या नूतनीकरणाला चार महिने उशीर झाला की आधार थंड, आणि आधार थंड झाले की बँकेतून केवायसीचा निरोप. त्यातून माणूस तयार कपड्यांचे दुकान चालवतो आहे, तेव्हा खाते गोठले की व्यापारी उधारीवर माल देईनासे होतात. ही भीती फारशी मोठी दिसत नाही, पण ती रोजची आहे.

मोठी भीती त्यांनी २४ एप्रिल २०२५ च्या संध्याकाळी अनुभवली. दोन दिवसांपूर्वी पहलगामला निरपराध पर्यटकांची हत्या झाली होती, महाराष्ट्रातलेही लोक त्यांत होते, आणि आमच्या गल्लीतही सुतकच होते. त्या संध्याकाळी पाकिस्तानी नागरिकांचे सगळे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द झाल्याची बातमी आली. पुढचे वाक्य, की हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधीच दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, ते परराष्ट्र मंत्रालयाच्या खुलाशात होते, पण आमच्यापर्यंत ते काही तासांनी पोचले. तेवढ्या वेळात त्या घरात दोन बॅगा भरून झाल्या होत्या. आईने मुलाच्या दप्तरातली पुस्तके काढून तिथे कपडे घातलेले मी पाहिले. दुसऱ्या दिवशी पोलिस आले, सभ्यपणे बोलले, कागद तपासले, चहा घेतला. नंतर त्यांना ऑनलाइन पुन्हा एकदा सगळी नोंदणी करावी लागली, ती रीतसर पार पडली. दहशतवादी हल्ल्यानंतर सरकारने कडक व्हावे, यात मला काही गैर वाटत नाही. पण ज्यांचा पत्ता, बोटांचे ठसे, भाडेकरार, हमीदार आणि दहा वर्षांचे पोलिस अहवाल सरकारच्याच दप्तरात आहेत, त्यांना त्या रात्री बॅग भरावी लागली ती केवळ त्यांच्या हातातल्या कागदावर 'व्हिसा' लिहिलेले असल्यामुळे. व्हिसा ही रद्द होणारी गोष्ट आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

या साऱ्यावर माझी सूचना एवढीच आहे की नागरिकत्व आणि व्हिसा यांच्या मध्ये कायम निवासाचा एक स्पष्ट दर्जा असावा. व्हिसावर सलग पाच, फार तर सात वर्षे राहिलेल्या आणि पोलिस चौकशीत निर्दोष ठरलेल्या व्यक्तीला तो अर्ज करताच ठरलेल्या मुदतीत मिळावा. त्याचे नूतनीकरण लागू नये, देशभर फिरण्याची मोकळीक असावी, मुलांना त्या राज्यातल्या इतर मुलांसारखे शिकता यावे. मतदानाचा, निवडणूक लढवण्याचा हक्क त्यात नको; तो नागरिकत्वाबरोबरच यावा, त्याला बारा वर्षे लागली तर लागोत. माणूस निर्धास्तपणे थांबू शकत असेल तर बारा वर्षे काही फार नाहीत.

हा दर्जा आपल्या देशाला अपरिचित आहे असेही नाही. ३१ ऑगस्ट २०१६ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने 'कायमस्वरूपी निवास दर्जा' याच नावाची योजना मंजूर केली. दीड वर्षात दहा कोटी किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटी रुपये गुंतवणाऱ्या आणि दरवर्षी किमान २० भारतीयांना रोजगार देणाऱ्या परदेशी व्यक्तीला दहा वर्षांचा निवास मिळतो, तो पुढे वाढवता येतो, घर घेता येते, जोडीदाराला नोकरी करता येते. पाकिस्तानी नागरिक आणि पाकिस्तानी वंशाचे लोक तिच्यातून वगळलेले आहेत. भारतीय वंशाचे परदेशी नागरिक ज्या ओसीआय कार्डावर सहज येजा करतात, तेही पाकिस्तान किंवा बांगलादेशाचा नागरिक असलेल्या, कधीकाळी असलेल्या, किंवा ज्याचे पणजोबा तसे होते अशा कोणालाही मिळत नाही. दुसऱ्या टोकाला नेपाळचा नागरिक आहे. १९५० च्या करारामुळे त्याला इथे राहायला, काम करायला, धंदा करायला अर्जच करावा लागत नाही. आमच्या सोसायटीचा रखवालदार नेपाळचा आहे आणि त्याला शेजाऱ्यांची ही सारी धावपळ पाहून कायम नवल वाटते. दोन्ही शेजारी देश, दोन्ही माणसे कष्टाळू. दोन देशांशी आपले संबंध सारखे नाहीत हे मला कळते आणि पाकिस्तानी पासपोर्टावर अधिक चौकशी व्हावी हेही मान्य आहे. पण चौकशी अधिक करणे आणि ती कधीच न संपवणे यांत फरक आहे. दहा वर्षांच्या अहवालांनंतरही एखाद्याविषयी संशय असेल तर त्याला इथे ठेवण्यातच अर्थ नाही, आणि नसेल तर दर पाच वर्षांनी तोच संशय नव्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेण्याने सुरक्षेत काय भर पडते, हे कोणी जाणकाराने सांगावे.

असा दर्जा देताना धर्माचा रकाना मला तरी ठेवावासा वाटत नाही. आमच्याच शहरात कराचीहून सून होऊन आलेली एक मुसलमान बाई आहे, नवरा इथला, तीन मुले इथली. तीही याच व्हिसावर आहे आणि तिचीही फाइल त्याच कपाटात आहे. किती वर्षे राहिली, कशी राहिली, एवढे पाहिले तर पुरे.

शेवटी एक व्यक्तिगत गोष्ट. या व्हिसाला भारतीय नागरिकाची हमी लागते. २०१६ मध्ये आणि २०२१ मध्ये या कुटुंबाच्या हमीपत्रावर मी सही केली. पुढचे नूतनीकरण २०२६ मध्ये आहे, तेव्हाही करीन. मी ७४ वर्षांचा आहे, डावा डोळा अधू आहे, आणि मागच्या वेळी माझी सही आधीच्या सहीशी जुळत नाही म्हणून अर्ज परत आला होता. २०३१ साठी कोणाला विचारायचे, याची चर्चा त्या घरात माझ्यासमोर होत नाही, पण ती होते हे मला माहीत आहे.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
(विदर्भ)